सातवी तार

मंगळवार, संध्याकाळ

कुडव्यातल्या एका ऑर्केस्ट्रावाल्याकडे विकायला असलेली सात तारांची जुनी गिटार पाहून आले. हेवी मेटल, ते गुरगुरतं-किंचाळतं रॉक, वाजवायला हवी होती. सातवी, सगळ्यात जाड, खर्जाची तार त्याने वर्षानुवर्षे पेटीच्या काळी दोन पट्टीला चढवून ठेवलेली. ताणाने दांडी वाकली आहे. तार सैल करून मूळच्या खालच्या सुराला आणली, तर दाबलेला प्रत्येक सूर चढा लागतो. असं कोण करतं, विचारलं त्याला.

“जागरणात तो खालचा सूर कोन आयकते, मॅडम? अन् या वयात मेटल कायले शिकून राहिल्या? भजन वाजवा ना.”

“तुमच्या वयात तरी वाद्याची कदर यायला हवी होती,” म्हटलं आणि गिटार ठेवून निघाले.

घरीदारी सगळ्यांशी हळू बोलते मी. ओरडायला एक तार हवी होती. तीही त्या मेल्याने पेटीच्या सुरात बसवली.