तेलाच्या डागाचे कापड व इतर मिळकत

मी, कागदोपत्री नाव काहीही असो, जिला वेदीपासून बाजारापर्यंत सगळे झगेवाली मावशी म्हणून ओळखतात ती, सुताराची विधवा, दोन मुलांची आई, वय सत्तरीच्या पुढे, धंदा शिवणकाम, राजीखुशीने हे लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. वकिलांनी विचारले, "मावशी, शुद्धीत आहात ना?" तेव्हा मी त्यांच्यासमोर चष्मा न लावता सुईत दोरा ओवला आणि त्यांच्या कोटाचे लोंबणारे बटण पक्के करून दिले. एवढ्यावर कोर्टाचे समाधान व्हायला हरकत नाही. कोणाचा दबाव म्हणाल, तर माझ्यावर दबाव आणणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे.

सगळी उमर मी फादरांचे मिस्सेचे, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेचे, कपडे शिवले. आतला पांढरा पायघोळ आल्बा, गळ्यातला स्टोल, सगळ्यांत वरचा बिनबाह्यांचा घोळदार कॅझुला. बिशपसुद्धा माझ्या हातचे कपडे घालून वेदीपुढे उभे राहिले आणि कोणाचीही शिवण उसवली नाही. हे खरे तर नम्रपणे सांगायला हवे, पण मृत्युपत्र मी एकदाच लिहिणार आहे.

या कागदात जागोजागी शब्दांचे अर्थ येतील. वकिलांनी ते गाळा म्हणून सांगितले. मी गाळणार नाही. धाकटा सेमिनरीत, म्हणजे फादर होण्याचे शिक्षण घेत होता, तेव्हा सुटीत घरी आला की मशीनशेजारी स्टुलावर बसायचा आणि चर्चमधल्या एकेका शब्दाचे मूळ मला सांगायचा. मशीन चालू असले की त्याला मोठ्याने बोलावे लागे. ते शब्द मला त्याच्याकडून मिळाले आहेत, म्हणून ते मिळकतीत धरावेत.

कलम पहिले, घर. एकदा मी कॅझुल्याला अस्तर लावत होते. धाकटा म्हणाला, "आई, कॅझुला म्हणजे मूळ लॅटिनमध्ये छोटं घर. माणूस आत मावतो म्हणून." मी म्हटले, "मग मी इतकी घरं बांधली आणि आपलं छप्पर अजून गळतंय." यजमान पलीकडे रंधा मारत होते. त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखे केले, पण त्याच आठवड्यात शिडी लावून छप्पर दुरुस्त केले. तर हे न गळणारे घर मी दोन्ही मुलांना देते. पुढची खोली, जिथे मी आयुष्यभर शिवले, ती थोरलीची. मागच्या दोन खोल्या आणि अंगण धाकट्याचे. तो सध्या हॉस्पिटलजवळ भाड्याने राहतो. इथे यायचे की नाही ते त्याने आणि सुनेने ठरवावे. या खोल्यांना कसलीही अट नाही, हे पुढचे कलम सहावे वाचताना लक्षात ठेवावे.

कलम दुसरे, दुकान. दोन्ही मशीन, कापायचे टेबल, जड इस्त्री, जरीची रिळे आणि सगळी गिऱ्हाइके थोरलीला. चॅपल हा शब्द कुठून आला हे धाकट्याने सांगितले तेव्हा ती माझ्या समोर काजे करत बसली होती. एका संताने आपला झगा अर्धा कापून भिकाऱ्याला दिला. उरलेला तुकडा जिथे जपून ठेवला, त्या जागेलाच त्या छोट्या झग्याचे नाव पडले, आणि पुढे प्रत्येक लहान प्रार्थनामंदिराला. थोरली मान वर न करता म्हणाली, "म्हणजे आधी शिवणकाम, मग इमारत." मुलगी माझीच आहे. अट एकच: पॉलिएस्टरचा स्टोल माझ्या टेबलावर कापला जाऊ नये. गिऱ्हाईक कितीही मोठे असो, त्याला चहा पाजून वाटेला लावावे.

कलम तिसरे, यजमानांची हत्यारे. ही पेटी नातीला, म्हणजे धाकट्याच्या मुलीला. ती दिसेल तिथे खिळे ठोकते, हे लक्षण आजोबांचे आहे. पेटीत तळाशी पितळी बिजागऱ्या आहेत. कार्डिनल, म्हणजे पोपच्या खालोखालचे धर्मगुरू, हा शब्द बिजागरीवरून आला, दार ज्यावर फिरते ते कार्डिनल, असे धाकट्याने सांगितले तेव्हा यजमान डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. म्हणाले, "मग कुरकुरायला लागले की तेल घालायला मला बोलवा म्हणावं!" नातीला हा विनोद ती मोठी झाल्यावर सांगावा.

कलम चौथे, कापड. हे कलम सगळ्यांनी बसून ऐकावे.

माझ्या कपाटात वरच्या कप्प्यात, मऊ कागदात गुंडाळलेली तागाची एक लांब पट्टी आहे. ती मीच विणकराकडून आणली, तिला बारीक दुमड घातली, कोपऱ्यात पांढऱ्यावर पांढरा क्रूस काढला. धाकट्याच्या गुरुदीक्षेच्या, म्हणजे तो फादर झाला त्या, दिवशी बिशपांनी त्याच्या तळव्यांना सुगंधी तेल लावले आणि ते हात या पट्टीने बांधले. बांधलेले हात सोडले की ही पट्टी आईला देतात. तिचे नाव मोठे आहे, मानितुर्जिउम, पण अर्थ साधा: हात पुसायचे कापड. आई गेली की ते तिच्या हातांना बांधून तिला पुरतात. म्हणतात, वर गेल्यावर देव विचारतो, "मी तुला आयुष्य दिलं, तू मला काय दिलंस?" तेव्हा आईने नुसते हात पुढे करायचे. ते कापड मी कधी धुतलेले नाही. तेलाचा डाग आता पिवळा झाला आहे.

अकरा वर्षे तो फादर होता. मग एका दुपारी फादरांची पांढरी कॉलर न लावता दारात उभा राहिला. "आई, मी रीतसर परवानगी घेऊन बाहेर पडलोय. मला लग्न करायचंय." मी म्हटले, "जेवलास का?" तेव्हा मागून एक बारीकशी बाई म्हणाली, "दोघंही जेवलो नाही." ती नर्स होती, आता माझी सून आहे. मी पाने घेतली. मला धक्का बसला नाही असे मी म्हणत नाही. वाढताना आमटी पानात न पडता टेबलावर सांडली. ती तिने पुसली.

पॅरिश म्हणजे एका चर्चची वस्ती; त्या शब्दाचा मूळ अर्थ, परक्या जागी शेजारी म्हणून राहणारे लोक. त्या दिवसांत निम्मे शेजारी अगदीच परके झाले. कामे मात्र कोणी दुसरीकडे नेली नाहीत, कारण अशी शिवण दुसरीकडे मिळत नाही. मग एके सकाळी वन्सं आल्या. वन्सं म्हणजे यजमानांची थोरली बहीण, महिला मंडळाची अध्यक्ष, पहिल्या बाकाची कायमची मालकीण.

"वहिनी, ते कापड फादरांकडे जमा करून टाका. ते हात आता राहिले नाहीत."

"हात तेच आहेत, वन्सं. कालच त्या हातांनी माझं कपाट सरकवून दिलं."

"अहो, लोक काय म्हणतील?"

"तुम्ही म्हणताय तेच."

मी तशीच उठून फादरांकडे गेले. फादर वयाने लहान, पण त्यांनी चटकन सांगितले, "मावशी, ते परत मागायचा कुठलाच नियम नाही. आणि गुरुदीक्षेचा ठसा पुसला जात नाही. तो आता ते काम करत नाही, एवढंच." मी हे वन्संना त्याच रविवारी, पायऱ्यांवर, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात कळवले.

वन्संचे मला काही वाटले नाही. जिव्हारी लागले ते धाकट्याचे. गेल्या वर्षी तो त्याच जुन्या स्टुलावर येऊन बसला आणि म्हणाला, "आई, ते कापड जाळून टाक. तुझ्या हातात ते दिसलं की लोक शवपेटीपाशी उभे राहून माझ्याबद्दल बोलतील. तुझा शेवटचा दिवस माझ्यापायी खराब नको." मी मशीन चालू केले. तेव्हा दिले नाही ते उत्तर आता देते.

बाळा, मी देवाला कॉलर दिली नव्हती, मुलगा दिला होता, आणि तो मी परत घेतलेला नाही. मरणाऱ्या माणसाला जो शेवटचा प्रसाद देतात त्याला विआतिकुम म्हणतात, म्हणजे वाटेची शिदोरी, हे तूच मला शिकवलेस. तुझ्या हातांनी ती शिदोरी घेऊन किती म्हातारेकोतारे वाटेला लागले. आता त्यांच्या मागे धावत जाऊन ती परत मागायची का? मला तुझा अभिमान आहे. तू वेदीवर होतास तेव्हा होता आणि आता शाळेत पोरांना शिकवतोस तेव्हाही आहे. हे मी तोंडाने फारसे बोलले नाही, कारण शिवताना माझ्या तोंडात टाचण्या असतात.

कलम पाचवे, वन्सं. माझी चर्चमध्ये बसायची गादी मी त्यांना देते, म्हणजे पहिल्या बाकावर त्यांना आणखी ऐसपैस बसता येईल. सोबत एक अर्थ देते. कॅथलिक म्हणजे सगळ्यांना धरून. वन्सं, त्या सगळ्यांत माझी सून येते. यजमानांच्या शेवटच्या आजारात तुम्ही माझ्या बरोबरीने त्यांच्या उशाशी बसलात, हे मी विसरलेले नाही. म्हणून गादीत नवा कापूस भरला आहे.

कलम सहावे, मी. शिल्लक पैशांतून माझी पेटी साधी करावी आणि उरेल ते थोरली आणि सून यांनी सारखे वाटून घ्यावे. पूर्वी मिस्सेच्या शेवटी लॅटिनमध्ये म्हणत, जा, पाठवणी झाली. मिस्सा हे नावही त्यावरूनच पडले. तर माझी पाठवणी उघड्या चर्चमध्ये, भरल्या बाकांसमोर करावी. पेटी बंद होण्याआधी धाकट्याने पुढे येऊन ते कापड स्वतः माझ्या हातांना बांधावे. त्याच्या मनाला पटत नसेल तर त्याने बांधू नये. खोल्या आणि अंगण त्याचेच राहतील. मात्र तसे झाले तर दुसऱ्या कोणीही ते बांधू नये, फादरांनीही नाही. माझे हात मोकळे पुरावेत.

ठिकाण: माझी पुढची खोली, कापायच्या टेबलाजवळ.
दिनांक: सप्टेंबरचा दुसरा सोमवार.
सही: झगेवाली मावशी.
साक्षीदार: पॅरिशचे फादर, कोपऱ्यावरचे इस्त्रीवाले काका, ज्यांनी सही करण्याआधी पेन रुमालाने पुसले.

पुरवणी. वकील म्हणतात मृत्युपत्र माणूस गेल्यावर वाचतात. मला तेवढा धीर नव्हता. रविवारी मी मुलांना आणि सुनेला बोलावून हे सगळे मोठ्याने वाचून दाखवले. धाकटा खाली बघत राहिला. कलम सहावे संपल्यावर उठला, कपाटातून कापड काढले आणि नाकाशी धरले. "अजून वास आहे," म्हणाला. मग त्याची पुन्हा घडी घालू लागला. आता हा नाही म्हणणार, असे मला वाटले आणि मी माझे हात पदराखाली घेतले.

"आई," तो म्हणाला, "गाठ कुठली मारू?"

मी आणि थोरली एकदम सांगायला लागलो आणि आमचे दोघींचे जमेना. तेव्हा सून, जी एवढा वेळ दाराशी उभी होती, ती पुढे आली. "चपटी गाठ मारायची. आम्ही बँडेजला मारतो ती. रुतत नाही आणि सुटतही नाही. आई, हात द्या बघू." तिने टेबलावरची माझी मोजपट्टी घेतली, माझ्या मनगटांना गुंडाळली आणि नवऱ्याला शिकवू लागली. त्याची पहिली गाठ सुटली. दुसरी रुतली. तिसरी बरोबर बसली आणि ती सोडायची कोणालाच घाई नव्हती.

म्हणून कलम सहाव्यात एवढी दुरुस्ती करते. गाठ धाकट्याने मारावी. ती चपटी असावी. आणि तो बांधत असताना सुनेने त्याच्या शेजारी उभे राहावे, पहिल्या बाकावरून नीट दिसेल असे.

सही: झगेवाली मावशी.
साक्षीदार: वरचेच दोघे.