कपाटाच्या पाठीसाठी एक स्क्रू ड्रायव्हर

प्रति,
मा. महासचिव (भांडार व मालमत्ता),
जैतून टेकडी गणित संस्था, मेक्नेस.

अर्जदार: डॉ. लल्ला झहोर तेम्समानी, प्रमुख, गूढलेखन प्रयोगशाळा.
अर्ज लिहिणार: अल्लाल बूझियान, अर्जनवीस, टपाल कचेरीसमोरील कमान.

विषय: एक स्क्रू ड्रायव्हर, एका दुपारपुरता, भांडारातून मिळणेबाबत. (हा विषय कलम ७ नंतर बदलला.)
संदर्भ: कपाट उघडून मिळण्याबाबत अर्जदार बाईंचे याआधीचे दोन अर्ज, दोन्ही आपल्याकडून परत.

महोदय,

१. सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार बाईंनी पहिला अर्ज गुप्ततेसाठी सांकेतिक लिपीत पाठवला होता व तो उलगडायची किल्ली मागाहून वेगळ्या टपालाने येणार होती. त्यावर आपल्या कार्यालयाने 'अक्षर सुधारावे' असा शेरा मारला. दुसरा अर्ज बाईंनी साध्या लिपीत, पण गणिताच्या रीतीने लिहिला, म्हणजे आधी गृहीत, मग सिद्धता आणि शेवटी 'सिद्ध झाले'. त्यावर 'सिद्ध झाले असल्याने अर्ज निकाली' असा शेरा आला. म्हणून बाई आज सकाळी आमच्या टेबलाशी आल्या. तिसऱ्या माणसाला कळू नये असे लिहिण्यात बाईंची हयात गेली. आमचे पोट मात्र तिसऱ्या माणसाला कळेल असे लिहिण्यावर चालते. तरी हा अर्ज वाचला जावा.

२. प्रयोगशाळेत एक लोखंडी कपाट आहे. त्यात बाईंच्या आईची चांदीची किटली अडकली आहे. उद्या शुक्रवारी बाईंची मुलगी निहाल हिच्या सासरची माणसे फेसहून येत आहेत. तेम्समानींच्या घरात नवरी व्याह्यांना पहिला चहा त्याच किटलीतून ओतते. बाईंच्या आजीने ओतला, आईने ओतला, बाईंनी ओतला. फेसची माणसे कशी असतात हे आपणास सांगणे नको, आपली सासुरवाडी तिथलीच आहे. निहाल काल आईला म्हणाली, "आई, जगातली सगळी कुलपं तुला कळतात, आणि आजीची किटली तुला आपल्याच कपाटातून काढता येत नाही?" हे वाक्य बाईंनी आमच्याकडून शब्दशः लिहून घेतले.

३. किटली कपाटात का, असा प्रश्न आपणास पडेल. प्रयोगशाळा सुरू झाली तेव्हा शेजारच्या रसायन विभागाची मंडळी इथला पुदिना आणि साखर लांबवत असत. चहाचे सामान सुरक्षित राहावे म्हणून बाईंनी कपाटाला असे कुलूप बसवले की त्याचा आकडा चौघांत वाटलेला, आणि त्यातले कोणतेही तिघे जमल्याशिवाय दार उघडायचे नाही. दोघांनी डोके आपटले तरी उपयोग नाही. उंदरासाठी तोफ आणली म्हणतात ती अशी. उद्घाटनाला शोभा यावी म्हणून बाईंनी घरची किटली आणली, आणि टाळ्यांच्या गजरात तीही आत ठेवून दार लावले.

४. आता ते चार वाटेकरी कोण ते पाहावे. एक स्वतः बाई. दुसरे मुन्सिफ, बाईंचे शिष्य. ते मॉन्ट्रियलला गेले. बाईंनी फोन करून त्यांचा आकडा मागितला तर म्हणाले, "लल्ला, आवाज तुमचाच वाटतोय. पण असा आवाज हल्ली यंत्रही काढतं, हे मला तुम्हीच शिकवलंत. समोर या, मग देतो." बाईंना रागही आला आणि अभिमानही वाटला. तिसरे वाटेकरी महोदय, आपण स्वतः. आपणास आकड्याचे पाकीट चांदीच्या तबकातून देण्यात आले होते. 'सुरक्षित जागी ठेवतो' असे म्हणून आपण ते, दार लागण्याच्या क्षणभर आधी, त्याच कपाटात ठेवलेत. ही बाब बाईंनी आजवर कोणापाशीही काढलेली नाही व पुढेही काढणार नाहीत.

५. चौथे बाईंचे सहकारी डॉ. अब्दलइलाह वझ्झानी. पहिले वर्षभर ते, बाई आणि मुन्सिफ असे तिघे मिळून चहाच्या वेळी कपाट उघडत. आता त्यांचे आणि बाईंचे चार वर्षे बोलणे नाही.

६. कारण लिहिणे आवश्यक आहे. या लोकांची रीत जगावेगळी आहे. एकाने गणिताचे कुलूप बनवायचे, बाकीच्यांनी ते फोडायचे, आणि फुटले की बनवणाऱ्याने उठून आभार मानायचे. पण त्यातही एक मर्यादा असते: भोक सापडले की आधी मालकाच्या कानात सांगायचे, दुरुस्तीला अवधी द्यायचा, आणि मगच चारचौघांत बोलायचे. मराकेशच्या परिषदेत बाईंनी आपले सर्वांत लाडके कुलूप मांडले, आणि सी, म्हणजे श्रीयुत, अब्दलइलाह यांनी जागेवरून उठून ते भर सभेत फोडले. बाईंनी रीतीप्रमाणे आभार मानले आणि पहिल्या गाडीने घरी आल्या. बाई म्हणाल्या, "फोडलं याचं काही नाही हो. बारा महिने आम्ही एकाच किटलीतला चहा प्यायलो. एकदा, फक्त एकदा, आधी मला सांगायचं होतं." हे लिहिताना आम्हांला टंकयंत्र जरा थांबवावे लागले.

७. इथवर लिहून झाले असता खुद्द सी अब्दलइलाह आमच्या टेबलाशी हजर झाले. आपल्याविरुद्ध अर्ज जात असल्याचे शिपायाकडून कळल्याने आगाऊ खुलासा लिहून घ्यायला आलो, असे त्यांचे म्हणणे. त्यांच्या काखेत, लग्नघरी भेट नेतात तसा, निळ्या कागदात गुंडाळलेला साखरेचा सुळका होता. खुलासा लिहून घ्यायला कोणी लग्नघरची साखर घेऊन येत नाही, एवढे आम्हांलाही कळते. बाक एकच असल्याने दोघे शेजारी बसले आणि आमच्यामार्फत बोलू लागले.

"सी अल्लाल, यांना सांगा, माझा आकडा मी द्यायला तयार आहे."

"सी अल्लाल, त्यांना सांगा, दोघांच्या आकड्यांनी ते उघडत नाही. मी बनवलेलं कुलूप आहे."

"मग यांना असंही सांगा, की त्या कपाटाचं दार चार बोटं जाड आहे, पण पाठीला नुसता पत्रा आहे. चार स्क्रूंवर लावलाय. कपाट भिंतीला लावलं त्याच दिवशी मी पाहिलं."

बाई प्रथमच त्यांच्याकडे वळल्या. "आणि हे आजवर कोणाकोणाला सांगितलंत?"

"कोणालाच नाही. तुम्हाला पहिल्यांदा सांगतोय. आधी चहाच्या नादात राहून गेलं. मराकेशहून परतल्यापासून रोज सांगायचं होतं, पण तुम्ही दार उघडत नव्हता."

बाईंच्या डोळ्यांत पाणी आले, ते त्यांनी रस्त्यावरच्या धुळीवर ढकलले. मग म्हणाल्या, "इतकी वर्षं रसायनवाल्यांना हे ठाऊक नव्हतं, हे नशीब समजा." दोघे हसले. आमची मध्यस्थी तिथे संपली.

८. आता आपण विचाराल, स्क्रू ड्रायव्हर बाजारात मिळतो, त्यासाठी अर्ज कशाला? तर संस्थेत बाहेरचे कोणतेही हत्यार आणू नये, आतले भांडारातूनच व लेखी अर्जावरच मिळावे, असा नियम आहे. संगणक सुरक्षा समितीच्या अध्यक्ष या नात्याने तो अर्जदार बाईंनीच केला आहे. दुपारी दोघे बाजारातला स्क्रू ड्रायव्हर घेऊन गेले असता शिपायाने तो काढून घेतला व बाईंनाच त्यांची सही दाखवली. नियम मोडावा असे सी अब्दलइलाह यांनी सुचवून पाहिले. बाईंनी त्यांच्याकडे ज्या नजरेने पाहिले ती मराकेशची असावी.

९. सबब विनंती की, एक स्क्रू ड्रायव्हर आणि कपाट ओढायला दोन माणसे आज संध्याकाळच्या अजानपूर्वी मिळावीत. पत्र्याची बाब नवी पाठ बसेपर्यंत गुप्त ठेवावी. मालक या नात्याने आपणास ती रीतीप्रमाणे सर्वांआधी कळवण्यात येत आहे. आपले पाकीट न फोडता, कोणी पाहत नसताना, परत केले जाईल. उद्याच्या चहाला आपण सहकुटुंब यावे. फेसच्या मंडळींशी बोलायला आपल्या बेगमसाहेबांचा फार आधार होईल.

आपली नम्र, आणि आज फार घाईत असलेली,

(सही) झहोर तेम्समानी
(सही) अब्दलइलाह वझ्झानी, न विचारता केलेली. अर्जदार बाईंनी खोडू दिली नाही

मेक्नेस, गुरुवार, १२ सप्टेंबर २०२४

सोबत:
१. परत आलेले दोन अर्ज.
२. साखरेचा सुळका. (हा जोडलेला नाही. बाईंनी तो घरी नेला.)