ह्यांच्या कपातला चहा

मंगळवार, दिवेलागण, तीर्थपुरी

पंधरा दिवस विचार करून राह्यले, सासूबाईंची शुगर वाढली कशानं. आज कळलं. त्या ह्यांच्या कपातला गोड चहा स्वतः पिऊन आपला बिनसाखरेचा ह्यांच्यापुढं ठेवत होत्या. अन् हे? म्हणे, मला वाटलं तूच साखर बंद केलीस.

सगळं माझ्या गोळीपायी. दारू सोडायला देतात तीच गोळी, पण अगदी थोड्या मात्रेत जुन्या अंगदुखीत काहींना गुण येतो, असं जालन्याचे डॉक्टर म्हणाले. ती पाण्यात विरघळवून सिरिंजनं मोजून घ्यायची. मी घरात बोलले न्हाई. माझं दुखणंच कुणाला पटत न्हाई, औषध काय पटणार?

मेडिकलवाल्यानं सासूबाईंना सांगितलं, ही दारू सोडवायची गोळी, अन् त्यांनी मला ओट्यापाशी सिरिंज भरताना पाहिलं. आमच्या गल्लीत दोघीतिघींनी नवऱ्याच्या चहात चोरून असलं औषध घातलंय. मीबी तेच करते, असं सासूबाईंना वाटलं. ह्यांचा चहा ओतून दिला तर मला कळेल, म्हणून त्या स्वतःच पीत राहिल्या.

"माझं लेकरू थेंब घेत न्हाई, अन् तू त्याला औषध घालून राह्यलीस?" आज त्या रडल्याच.

मी त्यांच्यासमोर सिरिंज भरली अन् माझ्याच तोंडात रिकामी केली.

मंग आपल्यापुढचा गोड चहाचा कप त्यांनी ह्यांच्याकडं सरकवला अन् माझ्या मनगटांकडं बघत म्हणाल्या, "लई दुखतं का गं?"

तीन वर्षांच्या दुखण्यात पहिल्यांदा विचारलं.

"कमी हाय आता," मी म्हणाले. ते खरंच होतं.