वृत्तांतातून गाळलेली ओळ

प्रिय चिमणे,

तुला आलेली नोटीस मी तीनदा वाचली. पहिला आरोप असा की, छत धोक्याचं आहे हे ठाऊक असूनही मुख्याध्यापिकेने इमारत रिकामी केली नाही. चौथा आरोप असा की, परवानगी न घेता दोन महिने वर्ग मैदानात भरवले. दोन्ही एकाच कागदावर, एकाच सहीने! लिहिणाऱ्याला स्वतःचंच हसू कसं आलं नाही? तू बाहेर बसवलंस म्हणून छत कोसळलं त्या दिवशी छप्पन्न पोरं धडधाकट घरी गेली. खडूचा डबा आणायला आत गेलेले शिपाईमामा तेवढे आले नाहीत. आता गुरुवारच्या चौकशीत त्यांच्या मरणाचं खापर तुझ्या डोक्यावर फोडून सगळ्यांना हात झटकायचे आहेत. नोकरी जाईल ती तुझीच.

परवा फोनवर तू विचारलंस, ताई, तू तर तिथेच बसतेस, आमच्या शाळेचं नाव सभागृहात कधी निघालंच नाही का गं? मी आवाज येत नाही म्हणून फोन ठेवला. आवाज स्वच्छ येत होता.

सव्वीस वर्षं मी विधानसभेच्या मधोमध त्या छोट्या टेबलाशी बसून बोललेला शब्द न् शब्द लघुलिपीत उतरवते. दहा मिनिटं झाली की दुसरी प्रतिवेदक येते आणि मी वर जाऊन टंकायला बसते. आई म्हणायची, हिचे कान तिखट आहेत, पोटाला कमी पडायचं नाही. कानांवरच जगले खरी. लोकांना वाटतं, तिथे राज्य चालतं. मला विचारशील तर तिथे काथ्याकूट चालतो, आणि राज्य बाहेर व्हरांड्यात अर्ज हातात घेऊन ताटकळत उभं असतं.

तुमच्या आमदारांचा छताबद्दलचा प्रश्न गेल्या अधिवेशनात चारदा यादीत लागला. पंधरावा, बारावा, नववा आणि शेवटी तिसरा. तिसरा पाहून मला हायसं वाटलं, तुला फोन करावा असंही मनात आलं. पण त्या दिवशी खुर्च्यांवरून पेटलं. नव्या सभागृहात विरोधी पक्षनेत्यांच्या खुर्चीची पाठ मंत्र्यांच्या खुर्चीपेक्षा तीन बोटं आखूड निघाली होती. एका सदस्याने खिशातून चक्क सुताराची टेप काढली. हा अपमान कुणाचा, पक्षाचा की पदाचा, यात प्रश्नांचा अख्खा तास गेला. दुसऱ्या दिवशी खुर्च्यांसाठी नऊ जणांची समिती झाली आणि ती खुर्च्या पाहायला तीन राज्यांत फिरून आली. तुझ्या छताकडे वर मान करून बघायला मात्र त्यांना एक अभियंता मोकळा सापडेना. अधिवेशन संपलं की न झालेला प्रश्न आपोआप बाद होतो, पुन्हा नव्याने लिहून द्यावा लागतो. तोवर छत कुठलं थांबतंय!

मामा गेल्यावर मात्र सगळे दोन मिनिटं स्तब्ध उभे राहिले, नव्या खुर्च्या मागे सारून. तेही मीच लिहिलं. माझ्या लग्नात पाहुण्यांच्या चपला राखत दिवसभर उन्हात उभा राहिलेला माणूस, आणि त्याच्यासाठी मी लिहिलं, 'एक कर्मचारी'.

आमच्याकडे एक रीत आहे, तिला आम्ही झाडून घेणं म्हणतो. सदस्याचं अर्धवट वाक्य पुरं करायचं, शिवी गाळायची, माईक बंद असताना कुणी काही बोललं तर ते सोडून द्यायचं. नव्या मुलींना मीच शिकवते की, बोलले ते नव्हे, शोभतं ते लिहा. माझा वृत्तांत सगळ्यांत स्वच्छ म्हणून मला मिरवायलाही आवडायचं.

खुर्च्यांच्या त्या तासात दहा मिनिटांची एक पाळी माझी होती. गोंधळात तुमचे आमदार उठून ओरडले, निदान त्या शाळेच्या छताचं तरी घ्या. मंत्री बसल्या जागेवरून, माईक बंद ठेवून म्हणाले, "पडू दे की आधी, मग बघू. आत्ता खुर्च्या होऊ द्यात." हशा पिकला. माझ्या पेन्सिलीने ते सगळं उतरवलं, आणि वर जाऊन टंकताना मी ते झाडून टाकलं. त्या जागी कंसात एकच शब्द ठेवला, 'अडथळा'. शाळा तुझी आहे हे माहीत असून! मला कुणी सांगितलं नव्हतं गं, हात सवयीने चालला. आता तेच मंत्री म्हणतात, शाळेबद्दल आमच्या कानावर काहीच आलं नव्हतं, आणि छापील वृत्तांत त्यांच्याच बाजूने बोलतो. आमच्या वह्या सहा महिन्यांनी रद्दीत जातात. ती वही अजून माझ्याकडे आहे. टपालाने पाठवणार होते, पण इतक्या वर्षांत माझी लघुलिपी अशी काही झालीय की ती माझ्याशिवाय कुणाला वाचता यायची नाही. निवृत्तीला चौदा महिने आहेत, ते आता कशाचे मिळतात! गुरुवारी सकाळी मी वही घेऊन येतेय. तू मला माफ कर, नाहीतर नको करूस, पण मामांच्या घरच्यांना पुढच्या रांगेत बसव. मंत्री काय म्हणाले ते मी मोठ्याने वाचणार आहे, आणि त्यावर हशा पिकला होता, तेही.

तुझीच, फोन ठेवून देणारी
ताई