हिरडीला टोचणारं बिस्किट

जवाहर नगर, जयपूर
२७ ऑक्टोबर २००६

ती. नागनाथदादास,
चारूचा शि. सा. न. वि. वि.

तुझं ओवाळणीचं पातळ पोचलं. रंग शालनवहिनीनं निवडला असणार. तू निवडला असतास तर सोलापूरहून चादरच आली असती. भाऊबीजेला यंदाही गच्चीवर जाऊन चंद्राला ओवाळलं. तो तुझ्यापेक्षा शांतपणे ऐकून घेतो आणि त्याला ओरडून सांगावं लागत नाही.

सोबत डबा पाठवते आहे. आमच्या कारखान्याची जवाची बिस्किटं, नाव ‘जौमित्र’. मधुमेहाच्या माणसानं बिस्किट खाल्लं की घरचे त्याच्याकडे चोर पकडल्यासारखं बघतात, त्यावर हा माझा दोन वर्षांचा उतारा. ग्लुकोजचं पाणी प्यायल्यावर दोन तासांत रक्तातली साखर जेवढी उसळते, ते शंभर धरायचे. मग तेवढ्याच कर्बोदकांची बिस्किटं खायला घालून ती किती उसळते ते मोजायचं. मैद्याचं बिस्किट सत्तरीच्या घरात जातं. पंचावन्नच्या आत राहिलं तर खाणाऱ्याचं भलं.

तपासायला माणसं लागतात, ती मी आपल्या महाराष्ट्र मंडळातून धरून आणली. बँक, विमा आणि फौज मिळून दहा बायका. सकाळी उपाशी पोटी अकरा बिस्किटं, सोबत नुसतं पाणी, आणि दोन तासांत सात वेळा बोट टोचायचं. चहा नाही म्हटल्यावर दोघी उठून निघाल्याच होत्या. कर्नलची बायको मधुमती तर उपाशी यायचं म्हणून साबुदाण्याची खिचडी चापून आली, आणि वर मलाच विचारते की उपासाला दुसरं काय खातात! तिचा आकडा गाळला. उरलेल्या नऊ जणींचा सरासरी शेहेचाळीस आला, दादा. शेहेचाळीस! आता पाकिटावर तो आकडा छापलाय आणि खाली माझी सही.

आनंदानं घरात पाय ठरत नाही. सही छापून आल्यापासून मी स्वतःचीच सही वळून वळून बघते. दसऱ्याला कारखान्याच्या सेठजींनी मिठाईच्या खोक्याबरोबर तीन कागद पुढे केले, त्यांवरही सह्या ठोकून मोकळी झाले. हे म्हणतात, तुला आता सही करायची चटक लागली. वहिनीसारखा पस्तीस वर्षं विम्याच्या माणसाशी संसार झाला असता, तर मीही तोडीस तोड उत्तर दिलं असतं. माझी अजून पंचवीसच झालीत.

डबा चाचणीच्या खेपेतला आहे. रोज तीनच खा. साखर नाही, लोभ तेवढा वाढू दे.

तुझी,
चारू

सोलापूर
१८ नोव्हेंबर २००६

चि. सौ. चारूस,
नागनाथचे अनेक उत्तम आशीर्वाद वि. वि.

डबा मिळाला. बिस्किट म्हणावं तर चव आहे, वीट म्हणावं तर आकार लहान आहे. वरची कवळी सटकते म्हणून काढून खावं लागतं आणि मग ते हिरडीला टोचतं. पण दीड तासानं मशीनवर बोट टोचलं तर एकशे अठ्ठेचाळीस! दुसऱ्या दिवशी एकशे बावन्न. डॉक्टरांनी मला उभं राहून बघितलं. सेवेत असताना साहेबानं कधी बघितलं नव्हतं.

मी फोन का करत नाही असं तू विचारलंस, हे तुझ्या जयंतरावांनी शालनला सांगितल्यावर कळलं. फोनवर मला ऐकू येत नाही आणि तुला थांबता येत नाही. पत्रच बरं.

तळ्याकाठच्या आमच्या बाकावर सकाळी माझ्यासह आठ जण बसतात, आठही साखरेचे. त्यांना डबा दाखवला, आकडा समजावला, खालची सही माझ्या बहिणीची आहे हेही सांगितलं. ते सांगितलं नसतं तरी चाललं असतं, असं तुझी वहिनी म्हणते. आठवड्यात चौकातल्या दुकानदाराला तुमची पाकिटं मागवावी लागली. सगळ्यांत पुढे आमच्या शेजारच्या इंदुबाई. चादरीच्या कारखान्यात उभं आयुष्य गेलं, अक्षर एक येत नाही, पण हिशेबाला पक्की बाई. आकडा मी वाचून दाखवल्यावर तिनं विचारलं की मग साखरेवरची गोळी पुरी कशाला घ्यायची? दुसऱ्या दिवसापासून अर्धीच घेते. मी तिला अडवलं नाही. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं.

शालनचा तुला आशीर्वाद. तिचा लोभ माझ्याहून जास्त आहे, तो तसाच राहील.

तुझा,
नागनाथ

जयपूर
३० नोव्हेंबर २००६

ती. दादास,
सा. न. वि. वि.

इंदुबाईंना आजच्या आज सांग की गोळी पुरी घ्यायची. डॉक्टरला विचारल्याशिवाय गोळीला हात लावायचा नाही. बिस्किट हे बिस्किट असतं, ते औषध नव्हे.

इकडे थंडी पडली. बाजारात तिळाच्या गजकाचे ढीग लागलेत आणि हे रोज संध्याकाळी आदर्श नगरला मित्राकडे जाऊन येताना ओठांवरचे तीळ पुसत घरात शिरतात. आमच्या कीर्तीची गोपालपुऱ्यातल्या क्लासची शिकवणी जोरात आहे. लेकीचं मराठी मात्र पार बिघडलं. तुझं पत्र हिंदीसारखं वाचलं आणि विचारते, मामाची कवळी मतलब क्या? सांगितल्यावर म्हणाली, अच्छा, बत्तीसी! मंडळाची वर्गणी, मधुमतीचं नवं पडद्याचं कापड, शेजारच्या शर्माजींचा कुत्रा, असं सगळं चालू आहे. कुत्र्याला आता स्वेटर आहे. निळा.

तू आपला डब्यातलीच खा. दुकानातली कशाला उगाच विकत घ्यायची? मी दुसरा डबा करून पाठवते. बाकाला म्हणावं, जरा थांबा.

बाकी ठीक. झोप तेवढी लागत नाही, वयाचं असेल. लोभ कमी करू नकोस.

चारू

सोलापूर
१६ डिसेंबर २००६

चि. सौ. चारूस,
अनेक आशीर्वाद.

मी एकतीस वर्षं विम्याचे दावे तपासले. न विचारलेल्या गोष्टींवर जो माणूस तीन पानं लिहायचा, त्याची फाईल मी बाजूला काढून ठेवत असे. तुझ्या पत्रात कुत्र्याच्या स्वेटरचा रंग आहे.

डबा संपला तेव्हापासून मी दुकानातलं पाकीट खातो आहे. तीनच बिस्किटं, तीच वेळ. एकशे अठ्ठ्याण्णव. दोनशे चार. दोनशे अकरा. पहिल्यांदा मला वाटलं शालन आमटीत गूळ जास्त घालते. तसं बोललो. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही आणि दोन्ही दिवस आमटी बिनगुळाची केली. तरी साखर उतरली नाही. मग मशीन बदललं. मग वाटलं आपलंच शरीर आता संपत आलं, चारूचं बिस्किट कशाला चुकेल. हे तुला कळवायचं नाही असंही ठरवलं होतं.

परवा खाताना लक्षात आलं की मी कवळी काढलेलीच नाही. दुकानातलं बिस्किट जिभेवर विरघळतं. हिरडीला टोचत नाही.

इंदुबाईच्या पायाच्या अंगठ्याला चप्पल घासून जखम झाली, तिला आज बावीस दिवस झाले. भरत नाही. गोळीचं मी तुझ्या नावानं सांगून पाहिलं. पाकीट पुढे करून म्हणाली की चारूची सही इथं आहे.

तेव्हा एकच विचारतो. पाकिटातलं पीठ आणि डब्यातलं पीठ एकच आहे का? हो की नाही, एवढंच लिही. कुत्र्याची खुशाली नको.

आशीर्वाद आहेतच, ते उत्तरावर अवलंबून नाहीत.

नागनाथ

जयपूर
२९ डिसेंबर २००६

ती. दादास,
सा. न. वि. वि.

नाही.

जव भरड दळला की पोटाला तो फोडत बसावं लागतं, म्हणून साखर सावकाश चढते. तोच जव मैद्यासारखा बारीक दळला की पोटाचं अर्धं काम गिरणीनंच केलेलं असतं. धान्य तेच, वजन तेच, पाकिटावरची यादी तीच. फक्त चाळणी बदलायची. हे मी लोकांना शिकवते, दादा. दसऱ्याच्या त्या तीन कागदांतला एक चाळणीचा होता. वर ‘चव सुधारणा’ असं लिहिलेलं. गिऱ्हाइकांची तक्रार होती की बिस्किट टोचतं, आणि सेठजींचं म्हणणं की बिस्किट मुँह में घुलना चाहिए. मी मिठाई खाल्ली आणि सही केली. तुझं ‘दुकानातली पाकिटं’ वाचलं त्या क्षणी मला तो कागद आठवला, आणि मी तुला स्वेटरचा रंग कळवला.

तुझं दुसरं पत्र आलं त्या रविवारी मी त्याच दहा जणींना घरी बोलावलं. बाजारातली पाकिटं फोडली, अकरा-अकरा बिस्किटं मोजून दिली. मधुमती या वेळी खरोखर उपाशी आली आणि सात टोचण्यांत सात वेळा माझ्या घराण्याचा उद्धार केला. आकडा आला अडुसष्ट. मैद्याच्या दारातच उभा.

तो घेऊन सेठजींकडे गेले. त्यांनी आधी विचारलं की तपासायला कुणी सांगितलं होतं. मग म्हणाले की दहा बायकांना जमवून बोटं टोचणं याला काय शास्त्र म्हणतात का? शेहेचाळीस याच बायकांच्या बोटांतून आला होता, तेव्हा ते शास्त्र होतं. शेवटी सांगितलं की पाकिटं वर्षभराची छापून झालीत, तेव्हा मॅडमजी, शांत राहा. मी तेव्हापासून शांत सोडून सगळं आहे. सकाळी कारखान्यात जाऊन गिरणीचा आवाज ऐकते. बारीक दळताना ती वेगळी ओरडते.

हे पत्र तुझ्यापुरतं ठेव. यांची बदली कधीही येईल, कीर्तीची शिकवणी अजून दीड वर्षं आहे, आणि या गावात अन्नतंत्राची दुसरी नोकरी मिळणं कठीण. वाचून फाडून टाक. बाकाला तुझ्या शब्दात सांग की खाऊ नका.

लोभ मागायला आज तोंड नाही.

चारू

सोलापूर
६ जानेवारी २००७

चि. सौ. चारूस,
आशीर्वाद.

फाडलेलं नाही.

माझ्या शब्दात सांगून झालं. बाकावरच्या सहा जणांना पटलं, आणि सातवे ऐकल्याचं दाखवून घरी जाऊन खातात. इंदुबाईला पटत नाही. तिचं म्हणणं, बहीण शिकली, मोठी झाली, ते नागनाथभाऊला सोसत नाही. पाकिटाचा तुझ्या सहीचा तुकडा तिनं कापून देव्हाऱ्याच्या कडेला चिकटवलाय. अंगठा काळवंडायला लागलाय, गोळी अजून अर्धीच आहे. मी तिच्यापुढे ओरडतो. मला वाटतं मला ऐकू येत नाही म्हणून मी ओरडतो, तिला वाटतं रागानं.

तिला आकडा वाचून दाखवणारा मी. ती अर्धी गोळी मोडत होती तेव्हा गालात हसलो तोही मीच. म्हणून तुझ्यावर रागावायचं ठरवलं होतं, ते जमलं नाही.

ती तुझ्या सहीवरच विश्वास ठेवते. पाकिटाविरुद्ध तुझ्या सहीचं दुसरं काही माझ्याकडे नाही, हे पत्रच आहे. तुझ्या परवानगीशिवाय वाचणार नाही. पण वाचलं की आठ घरांत जाईल, दुकानदार ऐकेल, आणि सोलापूरहून जयपूरला पोचायला गोष्टीला तिकीट लागत नाही. नोकरी तुझी आहे. अंगठा तिचा आहे. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवसापर्यंत वाट बघतो.

नागनाथ

जयपूर
११ जानेवारी २००७

ती. दादास,
सा. न. वि. वि.

वाच. बाकावर वाच, दुकानासमोर वाच, इंदुबाईंपुढे दोनदा वाच. सही दाखव; ती पाकिटावरचीच आहे.

तुला लिहायच्या आधी सेठजींना लेखी दिलं की अडुसष्टावर माझी सही वापरता येणार नाही. प्रत जवळ ठेवली आहे. ते चिडले नाहीत. मला चहा पाजला आणि नमकीन विभागात पाठवलं. तिथं शेव कुरकुरीत आहे की नाही एवढंच बघायचं असतं, आकडा कुणी विचारत नाही. महिनाभर तरी नोकरी आहे, पुढचं पुढे. हे म्हणाले की सह्यांची चटक सुटली वाटतं. मग स्वतः उठून या पत्रासाठी लिफाफा आणि डिंक आणून ठेवला. पत्र कुरिअरनं पाठवते आहे, संक्रांतीच्या आत पोचावं म्हणून.

तिळगूळ पाठवत नाही, कारण तुला कळेलच. गोड तेवढं बोल.

चारू

सोलापूर
२० फेब्रुवारी २००७

चि. सौ. चारूस,
अनेक उत्तम आशीर्वाद वि. वि.

पत्र वाचलं ते तुला थोडक्यात कळवलं होतं, आता सविस्तर. इंदुबाईला बाकावर आणून बसवलं. मी ‘नाही’पासून ‘तोंड नाही’पर्यंत मोठ्यानं वाचलं; तळ्यातले बगळे उठले म्हणे. तिनं कागद हातात घेतला, सहीवर बोट फिरवलं, घरी जाऊन देव्हाऱ्याजवळच्या तुकड्याशी जुळवून पाहिली. तासाभरानं आली आणि मला म्हणाली की जी बाई स्वतःचंच बिस्किट खाऊ नका म्हणते, तिचं ऐकायला हरकत नाही. त्याच दिवशी शालन तिला दवाखान्यात घेऊन गेली. गोळी पुरी झाली, वर एक वाढली. अंगठ्याचं नख गेलं. अंगठा राहिला. काल ती स्वतःच्या पायांनी बाकापर्यंत आली.

आता तुझ्या सेठजींचं. चौकात नवं पाकीट आलंय. आकडा नाही, सही नाही, नाव तेच, आणि वर एका हसऱ्या म्हातारीचं चित्र, खाली ‘वही पुराना स्वाद’. ही म्हातारी कोण ते विचार. दुकानदार सांगतो की पहिल्यापेक्षा दुप्पट खपतं. आकड्याला लोक प्रश्न विचारायचे, म्हातारीला कोण विचारणार!

इंदुबाईचा निरोप आहे. तुझ्या घरी भरड दळून, जमेल तेव्हा, तिच्यासाठी डबा करायचा. रोज एकच खाईन, डॉक्टरांना विचारलंय, म्हणाली. मी सांगितलं की बाई, तुला तर कवळीसुद्धा नाही, ते हिरडीला फार टोचेल. तर म्हणते टोचू दे, टोचलं म्हणजे चारूनं केलंय हे मला न वाचता कळेल.

डबा दोघांचा पाठव. शेव कुरकुरीत राहो, आणि लोभ तुझ्या दळणासारखा, भरड का होईना, टिकून राहो.

तुझा,
नागनाथ