पायरीवरचा उजेड

येरमाळा, गुरुवार, संध्याकाळी

या महिन्यात दोन बायकांनी ब्लाउजपीस परत आणले. साडीशी रंग जुळत नाही म्हणाल्या. हे गेल्यापासून मॅचिंगचं दुकान मी एकटीच बघते. माझी नजरच अधू झाली असेल तर दुकान बंद करावं लागेल, हीच धास्ती.

आज दुपारी भाची सुषमा आली. माणसाला रंगातला बारीक फरक किती कळतो, ते तपासायला ती कॉलेजात शिकते. तिनं मला दुकानाच्या पायरीवर बसवलं आणि मोरपंखी कापडाचे तीन तुकडे मांडले. दोन सारखे, एक किंचित वेगळा; तो वेगळा मी ओळखायचा.

"मला सांगता येत न्हाय गं."

"तरी एक उचला, मावशी. पुन्हा पुन्हा उचललं की अंदाज कुठला अन् नजर कुठली, ते आपोआप कळतं."

काय डोकं लावलंय! माणसाच्या बोलण्यावर जायचंच नाही. सांगता येत नाही म्हणत म्हणत मी बहुतेक वेळा बरोबर तुकडा उचलला. मग आत ट्यूबखाली तेच तुकडे, आणि मी चुकत गेले.

"डोळे चांगले हायत तुमचे. उजेड बदला."

हे प्रत्येक गिऱ्हाइकाला साडी घेऊन पायरीवर न्यायचे, तिथं स्टुलावर बसून उन्हाच्या उजेडात रंग जुळवायचे. "वाळत घालताय का?" म्हणून मी चिडवायची. ते गेल्यापासून त्या पायरीवर मी बसलेच नव्हते.

उद्या त्यांचं स्टूल तिथं ठेवते.