दुसरी मूठ

प्रिय दादा,

आधी एक गंभीर तक्रार नोंदवून घे. आपल्या चर्चची मंडळी फुटली तेव्हा सामानाची वाटणी झाली आणि चांगल्या खुर्च्या तुमच्या गटाने नेल्या. आमच्या वाट्याला बालवर्गाच्या आल्या. दर रविवारी मी गुडघे हनुवटीला टेकवून उपासनेला बसते. शेजारी आमचे निवृत्त न्यायाधीश, तेही तसेच. परवा ते प्रार्थनेला उठले, तर खुर्चीही त्यांच्याबरोबर उठली. सनातन सत्याच्या रक्षणासाठी माझ्या कंबरेचा बळी गेला, एवढी नोंद व्हायला हवी.

दिवसभर मी दातांच्या दवाखान्यात असते. तिथे माणसं तोंड उघडं ठेवून गप्प राहतात. रविवारी आमची मंडळी पाहिली की एकेकाला त्या खुर्चीत आडवं करावंसं वाटतं. तुम्ही म्हणता, ख्रिस्ताच्या मरणाने पापांची क्षमा मिळते, हेच शुभवर्तमान. बाकी सगळी त्याची फळं. आमचे म्हणतात, देवाचं राज्य इथे, याच मातीत आलंय, भुकेल्याला अन्न आणि दबलेल्याला न्याय, हेच शुभवर्तमान. क्षमा हा त्याचा एक भाग. तुम्ही आम्हाला 'समाजसेवक' म्हणता, तेही शिवी हासडल्यासारखं. आमचे तुम्हाला 'स्वर्गाची तिकीटखिडकी' म्हणतात. ही उपमा माझी बरं का, आणि बाबा आजारी पडेपर्यंत मला तिचा अभिमान होता.

विषय क्षुल्लक नाही, कळतं मला. ज्या गोष्टीवर भरवसा ठेवून माणूस मरतो, ती नेमकी काय आहे हे विचारायलाच हवं. पण कुठे आणि कुणाला विचारायचं, याची काही लाज?

तुला कुणी सांगितलं नसेल म्हणून सांगते. शेवटच्या दिवसांत बाबा प्रभुभोजन मागत होते. नाकात नळी, दोन शब्दांनी धाप. तुमचे पाळक आले. भाकर आणि द्राक्षरस पिशवीतच ठेवून विचारतात कसे, "काका, शुभवर्तमान म्हणजे काय, एका वाक्यात सांगाल?" बाबा म्हणाले, "माझी पापं माफ झाली, आणि आता शेजारणीची चूल पेटली पाहिजे." तुमच्या पाळकांना वाक्याचा पहिला अर्धा पसंत पडला. दुसऱ्या दिवशी आमचे आले, तोच प्रश्न घेऊन. त्यांना दुसरा अर्धा आवडला. दोघंही "पुन्हा येतो" म्हणाले आणि आपापली पिशवी उचलून गेले. जन्मभर सायकलींची पंक्चरं काढलेला माणूस मरता मरता तोंडी परीक्षेत नापास! शेवटी मीच पाव मोडला आणि कोमट चहात बुडवून भरवला. कुठल्या शास्त्रात बसतं, विचारू नकोस. बाबांनी डोळे मिटून खाल्लं आणि म्हणाले, "साखर कमी पडली गं."

दफनविधी आमच्या पाळकांनी केला, म्हणून तू फाटकाबाहेर उभा राहिलास. वर तुझं ते लांबलचक पत्र: आत येणं म्हणजे खोट्या शुभवर्तमानाला संमती देणं झालं असतं. ते वाचून मी हात धुतले. खरंच, साबण लावून. आमचे पाळकही कमी नाहीत. बाबांच्या डोक्याशी उभं राहून अर्धा वेळ ते तुम्हालाच टोमणे मारत होते. रुग्णांच्या तोंडात मी नाही नाही ते पाहिलंय, पण इतकी कीड नव्हती पाहिली कधी.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. आईला आम्ही कबरीशेजारी बसवलं होतं. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यावर पट्टी, दुसऱ्याने धूसर दिसतं. मी माझी मूठभर माती टाकली आणि फाटकाकडे पाहिलं. तू टोपी काढून हातात धरली होतीस, पण पाऊल काही उचलत नव्हतास. मग मी पुन्हा वाकले. माती ओली होती, पेटीवर जड आवाज झाला. आईने मान वर केली. "दुसरी मूठ त्याची ना?" मी हो म्हटलं. "आला म्हणायचा," म्हणाली, आणि मग कुठे पहिल्यांदा रडली. रविवारी ती तुझ्याकडे राहायला येते आहे. ती विचारेलच. हो म्हण. तिथे शास्त्रार्थ नको. शाळेत माझ्या वाटच्या छड्या तू एकदा गुपचूप खाल्ल्या होत्यास. त्या फिटल्या.

तुझीच,
कात्री